खालची रेघ

यादीत सत्तावीस ओळी आहेत.
प्रत्येकीत दोन अक्षरं भाषेची,
दोन देशाची,
आणि मधे एक रेघ, खाली, जमिनीलगत.
आमच्या अक्षरांना रेघ डोक्यावर लागते,
ही पायाशी असते.
चौथीच्या पेपरात असायची तशी:
गाळलेल्या जागा भरा.

बाणेरच्या सहाव्या मजल्यावर मी हे सॉफ्टवेअर सांभाळते.
कुठल्या तरी शहरातले राउटर, स्विच, मनोऱ्यावरचे अँटेना
आजारी पडले की पडद्यावर लाल होऊन ओरडतात,
आणि कुठल्या भाषेत ओरडायचं
ते माझ्या यादीवरून ठरतं.
जर्मन, रेघ, जर्मनी.
जर्मन, रेघ, ऑस्ट्रिया.
पोर्तुगीज दोनदा. फ्रेंचला तर चार घरं.
मराठी मार्चमध्ये आली, शेवटची,
एका सरकारी टेंडरचं बोट धरून.
मराठी, रेघ, भारत.
यादीत नाही ते मागितलं
तर सॉफ्टवेअर कुरकुरत नाही,
गुपचूप इंग्रजी दाखवतं.

'लिंक डाऊन'ला काय म्हणायचं यावर दोन बैठका झाल्या.
एजन्सीनं 'संधान खंडित' पाठवलं.
ऋजुता म्हणाली, 'दुवा निखळला'.
मग हडपसरहून फायबर जोडणारा बबन खैरे,
फोनवर, ड्रिलच्या आवाजात:
मॅडम, लिंक गेली.
लाईट जाते, पाणी जातं, तशी.
गेलेलं परत येतं, हे त्या क्रियापदातच आहे.
मी तेच लिहिलं.

रास्ता पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर
दानिएलकाका वाकरुळकर राहतात,
छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेले.
दर शुक्रवारी, दिवे लावायच्या आधी,
डिमोनाहून बहिणीचा फोन.
रूबीबाई चौसष्ट साली गेल्या.
नातवंडांशी हिब्रू, देवाशी हिब्रू,
भावाशी आणि चिडल्यावर मराठी,
तीही अलिबागेकडची, चौसष्ट सालची,
लुगड्यासारखी घडीवर विरलेली.

काकांना मी यादी दाखवली.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी बोट फिरवलं,
स्विचबोर्डावर फिरवत असतील तसं,
आणि विचारलं:
यात आमची रूबी कुठे बसते?

सोमवारी मी एक ओळ वाढवली.
मराठी, रेघ, इस्राएल.
आठवडा रविवारपासून.
तारखेत आधी दिवस, मग महिना.
स्वल्पविरामाशी अडले:
लाखावर द्यायचा की मिलियनवर?
काकांनी फोनवर विचारून दिलं.
रूबीबाई म्हणाल्या, पैसे शेकेलात मोजते रे,
पण आकडा मोठा आला की घाबरते ती लाखातच.
लाखावर दिला.

सगळ्या चाचण्या हिरव्या.
ऋजुतानं तपासताना एकच प्रश्न लिहिला: ग्राहक कोण?
खरंच, कोण?
चौऱ्याऐंशी वर्षांची बाई,
जिच्या नेटवर्कमध्ये नातवानं आणलेला एक राउटर,
कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली लुकलुकणारा.

मी ओळ काढली.
म्हणजे पुसली नाही.
तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा दिल्या.
आता ती यंत्राला दिसत नाही,
माणसाला दिसते.

या शुक्रवारी मी जिन्यात किल्ली शोधत होते.
दाराआड काका मोठ्यानं बोलत होते,
अर्ध्या वाक्यात थांबले.
हॅलो. हॅलो.
मग स्वतःशीच:
लाइन गेली.
खुर्ची सरकली.
आणि तो तेरा आकडी नंबर,
एकेक बटण दाबत, मोठ्यानं म्हणत,
शून्य, शून्य, नऊ, सात, दोन